हातचा एक इंच

इसूफ मिस्त्रींना गेली अकरा वर्षं सोलापूरची एक दिशा वर्ज्य होती. नई जिंदगी वस्तीतल्या त्यांच्या घरून गावात जायचं तर सोयीचा रस्ता भीमाशिखर या उंच इमारतीच्या पायथ्याशी निघतो. मिस्त्री मात्र उलटीकडून वळसा घालायचे, दोन सिग्नल जास्तीचे सोसायचे आणि एप्रिलच्या उन्हातही सायकल हाणत तसेच जायचे. त्यांची बायको लालबी म्हणायची, माणसं दवाखाना टाळतात, सासुरवाडी टाळतात. इमारत टाळणारा माणूस जगात एकच, आणि नेमका तोच माझ्या पदरात पडावा!

आता एकवीस मजल्यांची इमारत टाळायची म्हणजे तरी काय? ती काही गल्लीत तोंड लपवून बसत नाही. गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला जावं, की समोर उभी. पेन्शनर लोक फिरायला निघाले की तिच्याकडे बोट दाखवणार, आणि पाहुणे आले की ‘ती बघा’ म्हणून दाखवायला गच्चीवर नेणार. जुन्या सूतगिरणीच्या मोकळ्या जागेवर ती उभी राहिली, आणि तिच्या अठराव्या मजल्यातून एक सज्जा सरळ पंचवीस फूट हवेत बाहेर आला. खाली खांब नाही, वर दोर नाही. कागदोपत्री त्याचं नाव ‘आकाशसज्जा’. पण गावानं पहिल्याच महिन्यात त्याचं बारसं उरकलं. जीभ. भीमाशिखर सोलापूरला जीभ दाखवतंय, असं सगळे म्हणू लागले, आणि रिक्षावालेही ‘जिभेपाशी सोडू का?’ असंच विचारू लागले.

ही जीभ इसूफ मिस्त्रींच्या हातची. म्हणजे तिचं सेंट्रिंग त्यांचं. सेंट्रिंगवाल्याचं काम मोठं चमत्कारिक असतं. काँक्रीट ओतायच्या आधी फळ्या, टेकू, पाचरी लावून इमारतीचा साचा उभा करायचा, आणि काँक्रीट घट्ट झालं की तो सगळा काढून पुढच्या साइटवर न्यायचा. गवंड्याचं काम दिसतं, रंगाऱ्याचं दिसतं. याचं काम चांगलं झालं याची खूण हीच, की मागं काही दिसू नये. चाळीस वर्षांत मिस्त्रींनी किती स्लॅब टाकले याची मोजदाद नाही, पण त्यातल्या एकाही इमारतीत ते पाहुणे म्हणून गेले नव्हते. घरभरणीला सेंट्रिंगवाल्याला कोण बोलावतं? स्लॅबच्या दिवशी लाडू-चिवडा, मालक दिलदार असला तर टॉवेल-टोपी, आणि चला पुढं.

एवढं असूनही कोणी म्हणालं, ‘मिस्त्री, जीभ तुमचीच ना?’, तर ते विषय बदलायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

चोरी कसली होती ते सांगायला हवं. बाहेर काढलेल्या स्लॅबचा एक स्वभाव असतो. खालचे टेकू काढले की तो आपल्याच वजनानं थोडा खाली बसतो. म्हणून साचा करतानाच त्याचं टोक थोडं वर चढवून ठेवायचं, म्हणजे बसल्यावर तो बरोबर लेव्हलात येतो. किती चढवायचं, ते इंजिनिअर हिशेब करून सांगतो. मिस्त्रीनं तेवढंच चढवायचं असतं. तेवढंच.

पण मिस्त्रींना घडवलं होतं बसप्पांनी. बसप्पा जुन्या चालीचे, कपाळाला विभूती लावून साइटवर येणारे, आणि अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्या ओळंब्याला मान. तरुण इसूफ त्यांच्या हाताखाली असताना नातेपुत्यात एका मंगल कार्यालयाचं काम निघालं. पोर्च इंजिनिअरच्या आकड्याप्रमाणं तंतोतंत केला आणि टेकू काढल्यावर तो बोटभर झुकला. पडला नाही, चिरला नाही, फक्त झुकला. पण लग्नाला आलेलं प्रत्येक वऱ्हाड वर बघायचं आणि दोन पावलं बाजूला सरकायचं. पुढं लोक पत्रिका वाचतानाच विचारायला लागले, ‘वाकड्या कार्यालयात का?’ बसप्पांनी नातेपुत्याचा रस्ता सोडला तो कायमचा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्यानंतर बसप्पा प्रत्येक बाहेर आलेल्या स्लॅबला आपल्या मनानं एक इंच जास्त चढवायचे. “कागदावरचा इंजिनिअरचा, हातचा आपला,” असं ते इसूफला म्हणायचे. “चढलेलं कुणाला दिसत न्हाय, झुकलेलं आंधळ्याला बी दिसतं.”

आणखी एक नियम त्यांनी शिकवला होता. शेवटचा टेकू निघतो तेव्हा मिस्त्रीनं स्वतः त्या स्लॅबखाली उभं राहायचं. खाली उभं राहता येत नसेल तर वर, अगदी टोकाला. आपल्या कामावर आपला भरवसा नसेल तर दुसऱ्यानं का ठेवावा? इसूफ मिस्त्रींनी दोन्ही गोष्टी जन्मभर पाळल्या. हातचा इंच प्रत्येक वेळी घातला, आणि शेवटच्या टेकूला प्रत्येक वेळी उभे राहिले. फक्त जिभेच्या वेळी राहिले नाहीत.

जिभेच्या कामावर अकलूजच्या वैजयंती मॅडम इंजिनिअर होत्या. वय तिशीच्या आत, बोलणं मोजकं, डोक्यावर पिवळं हेल्मेट. त्यांनी मिस्त्रींना बोलावून सांगितलं होतं, “टोकाला चाळीस एमएम. एक जास्त नको, एक कमी नको.” मिस्त्री ‘जी’ म्हणाले. साचा चाळीसला बसवला. ओतायच्या दिवशी सकाळी मॅडमनी दुर्बीण लावून तपासलं, वहीत लिहिलं आणि त्या चहाला गेल्या. त्या वळणाआड गेल्या न गेल्या, तोच मिस्त्री सतराव्या मजल्यातून बाहेर काढलेल्या गर्डरांवर उतरले आणि टोकाखालचे जॅक एकेक करून फिरवले. पंचवीस एमएम, म्हणजे एक इंच. चाळीसाचे पासष्ट झाले. हे त्यांच्या माणसांनाही कळलं नाही. त्यांच्या हाताखालच्या रेवणप्पालाही नाही.

एरवी ही गोष्ट ते संध्याकाळपर्यंत विसरले असते. पण टेकू काढायचे दिवस आले आणि नेमकं लालबीच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. मिस्त्री दहा दिवस सिव्हिलच्या व्हरांड्यात. तेवढ्यात रेवणप्पानं टेकू उतरवले आणि तो पुढच्या कामाला गुलबर्ग्याकडे निघून गेला. फोनवर विचारलं तर म्हणाला, निघालं की सगळं. कसं निघालं, कुठं बसलं, टोक वर राहिलं का खाली गेलं, काही नाही. मिस्त्रींनाही सरळ विचारता येईना. विचारलं असतं तर ‘का विचारता?’ हा प्रश्न आला असता. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, यात माणसाला ताक कधी मिळत नाही.

तेव्हापासून अकरा वर्षं हा माणूस बेचैन. गच्चीवर जाऊन एक डोळा मिटून समोरच्या विजेच्या तारेशी जिभेची रेघ लावून बघायचा. सकाळी बघावं तर टोक वर वाटायचं. संध्याकाळी खाली वाटायचं. मग तारच झोल खाल्लेली आहे असं लक्षात यायचं आणि खाली यायचा. मुलगा सोहेब म्हणायचा, अब्बा, जवळ जाऊन बघून या की. जवळ जाऊन बघायचं असतं तर गच्चीवर कशाला चढला असता?

यंदा मात्र सुटका नव्हती, कारण यंदा विचारणारी होती इफ्रा. सोहेबची ही थोरली मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला. घरात सगळे दखनी बोलतात. पण मराठी शाळेत शिकलेली नात आणि मराठी साइटवर जन्म काढलेले आजोबा, म्हणजे तिचे ‘दादा’, यांचं आपसात मराठीच चालतं. तिला एका उंच इमारतीचा अभ्यास करून चित्रं काढायची होती. जीभ महिन्यातून एक रविवार लोकांना बघायला खुली असते. तिनं दोघांची नावं नोंदवून टाकली आणि मग सांगितलं. मिस्त्रींनी गुडघा पुढं केला. इफ्रा म्हणाली, लिफ्ट आहे. मिस्त्री म्हणाले, चक्कर येते. यावर लालबी इतकी हसली की तिला खोकला आला. जन्मभर बांबूवर चाललेल्या माणसाला चक्कर!

शेवटी निघाले. निघताना त्यांनी पेटीतून एक वस्तू काढून खिशात टाकली. गिरणीतल्या मोठ्या बेअरिंगचा छर्रा, लिंबाएवढा नसेल, पण मोठ्या बोराएवढा. बसप्पांनी दिलेला. जमीन लेव्हलात आहे का, हे या छऱ्याइतकं खरं कोणी सांगत नाही. ठेवायचा आणि हात काढायचा. घरंगळला तर घरंगळला.

भीमाशिखरच्या फाटकातून आत शिरताना इफ्रा मान वर करून चालत होती आणि मिस्त्री खाली बघून. तिनं थांबवून थांबवून दाखवायला सुरुवात केली. बाकीच्या उंच इमारतींसारखी ही काचेत गुंडाळलेली नाही. आपल्या उन्हाला काच म्हणजे भट्टीच. म्हणून खिडक्या हातभर आत घेतल्यात, त्यांच्यावर भिंतीचीच सावली पडते. दर तिसऱ्या मजल्याला आरपार मोकळी पडवी सोडलीय, तिथून वारा इमारतीतून निघून जातो, आणि वारा अडत नाही म्हणून इमारत इतकी बारीक उभी राहू शकते. मिस्त्रींना हे सगळं नवीन होतं. ज्या पडव्यांना ते आणि रेवणप्पा ‘अर्धवट मजले’ म्हणत, ज्यांच्यासाठी दर वेळी साचा नव्यानं कापावा लागला म्हणून त्यांनी आर्किटेक्टच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, त्या पडव्या वाऱ्यासाठी होत्या. चाळीस वर्षं ते इमारतीच्या आतून बाहेर बघत होते. बाहेरून आत कोणी दाखवलंच नव्हतं.

क्षणभर बरं वाटलं. मग वर बघायला मान उचलली तर डोक्यावर जीभच होती. त्यांनी मान खाली घातली.

लिफ्टमध्ये इफ्रानं विचारलं, खिशात काय चाचपताय? सायकलची किल्ली, म्हणाले. सायकल तर घरी आहे, ती म्हणाली.

अठराव्या मजल्यावर आधी एक लांब रिकामी वाट लागते. तिच्या भिंतीवर इमारतीच्या बांधणीचे फोटो आणि साइटवरचे जुने नकाशे काचेत लावलेले. इफ्रा त्यांचे फोटो घेत रेंगाळली. मिस्त्री मात्र छत बघत पुढं सरकले. छताला प्लॅस्टर नव्हतं. आर्किटेक्टचा हट्टच होता तो: जे साच्यातून निघेल तेच राहील, वरून काही थापायचं नाही. त्यामुळं अकरा वर्षांपूर्वी काढून नेलेल्या त्यांच्या फळ्या अजून तिथंच होत्या. लाकडाचे पट्टे, गाठी, दोन फळ्यांमधली केसाएवढी रेघ, सगळं काँक्रीटवर उमटलेलं, आणि सगळ्या रेघा एकाच दिशेनं, बाहेरच्या उजेडाकडे. एकही फळी आडवी नाही. हे त्यांनी तेव्हा हुकूम म्हणून केलं होतं, आणि आता कळलं की माणूस या वाटेत शिरला की त्या रेघाच त्याला पुढं चालवतात. मागं काही दिसू नये हा ज्याचा धंदा, त्याचं काम इथं उघडं ठेवलं होतं. त्यांनी भिंतीवर हात ठेवला. मग कोणी बघतंय का ते बघून काढून घेतला.

जिभेवर तीस-चाळीस माणसं होती. तिन्ही बाजूंना छातीपर्यंत काच, समोर तलाव, त्यातलं सिद्धेश्वराचं मंदिर, अलीकडे किल्ल्याचे बुरूज, आणि पलीकडे होटगीकडे जाणारी रुळांची रेघ. लोक एकमेकांना आपापली घरं दाखवत होते. मिस्त्रींनी यातलं काहीच पाहिलं नाही. त्यांची नजर जमिनीवर. फरशी नव्हती, कोबा नव्हता. स्लॅबच घोटून ठेवलेला. म्हणजे खोटं बोलायला मधे कोणी नाही.

इफ्रा टोकाला जाऊन, काचेला पाठ लावून खाली बसली आणि चित्र काढू लागली. मिस्त्री तिच्यापासून चार हातांवर कसेबसे गुडघ्यावर बसले. छर्रा जमिनीवर ठेवला. हिशेब त्यांना पाठ होता. मॅडमचा आकडा खरा, तर जीभ चाळीस बसली असणार. मी दिले पासष्ट. म्हणजे टोक एक इंच वर. छर्रा इमारतीकडे घरंगळणार. त्यांनी हात काढला.

छर्रा हलला नाही.

उचलून दुसरीकडे ठेवला. तिथंही नाही. आडवा, उभा, कोपऱ्यात, मधोमध. एक बाई पाय उचलून बाजूला झाली आणि तिनं विचारलं, काही पडलंय का आजोबा? नाही, म्हणाले, बघतोय. छर्रा जिथं ठेवावा तिथं वाड्याच्या कारभाऱ्यासारखा बसून राहायचा.

एक श्वासभर मिस्त्रींना वाटलं, सुटलो. अकरा वर्षं उगाच जीव जाळला; जीभ लेव्हलात आहे, दोरी लावून घ्यावी अशी लेव्हलात आहे. आणि दुसऱ्याच श्वासाला त्यांनी छर्रा उचलून मुठीत धरला.

लेव्हलात कशी?

लेव्हलात आहे याचा अर्थ ती पासष्ट बसली. मॅडम म्हणाल्या होत्या चाळीस बसेल. म्हणजे हिशेबापेक्षा एक इंच जास्त खाली आली. जी हिशेबापेक्षा एक इंच जास्त येते, ती तिथंच का थांबेल? गाडी होटगी जंक्शनात उभी दिसली म्हणून ती काही होटगीची होत नाही. ती पुढं जायची असते. जीभ आज लेव्हलात असेल. गेल्या वर्षी थोडी वर असेल, आणि पुढच्या वर्षी? तिच्यावर चाळीस माणसं, आणि अगदी टोकाला, काचेला पाठ लावून इफ्रा.

“इफ्रा, उठ. आत चल.”

पाच मिनिटं थांबा, ती वर न बघता म्हणाली, सावली बदलायच्या आत ही रेघ पकडायची आहे. मिस्त्री उभे राहिले, परत बसले. कुणाला सांगावं? पहारेकऱ्याला? काय सांगावं? की माझा छर्रा हलत नाही, म्हणून सगळ्यांना बाहेर काढा? तिला उठवायचं तर कारण सांगावं लागणार होतं, आणि कारण सांगायचं म्हणजे ती गोष्ट सांगायची. घरात एकच पोरगी अशी होती की जी चारचौघात सांगायची, माझ्या दादांच्या हाताला दुर्बीण लागत नाही. तिच्यापुढं हे तोंड उघडायचं. नातेपुत्यात बसप्पांना काय वाटलं असेल, ते त्यांना आज कळलं.

ते तिच्याजवळ गेले आणि खाली बसले. “मॅडमनी मला चाळीस सांगितले व्हते,” ते हळू म्हणाले. “म्या पासष्ट दिले. चोरून. त्या चहाला गेल्यावर. आन् तरी बी ही लेव्हलात हाय, म्हंजे ही हिशेबाच्या भाईर उतरलीया. ऊठ आता.”

इफ्रानं पेन्सिल थांबवली. आधी तिला काहीच कळलं नाही. मग त्यांनी छर्रा ठेवून दाखवला, बोटांनी वर-खाली करून दाखवलं, तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली. ती उठली. मोबाइल काढला आणि मघाशी घेतलेले फोटो मागं-पुढं करू लागली. मिस्त्री तिची बाही ओढत होते. ती बोटानं चित्र मोठं करून बघत होती.

“पण दादा, पासष्टच आहेत की,” ती म्हणाली. “तिथं लिहिलंय.”

कुठं? आत, वाटेत, नकाशावर. मिस्त्री छत बघत गेले होते म्हणून त्यांना दिसलं नव्हतं. दोघं परत गेले. तिसऱ्या चौकटीत जिभेचा साइटवरचा नकाशा होता, मॅडमनी मिस्त्रींना कधी न दाखवलेला, घड्यांच्या खुणा पडलेला, एका कोपऱ्यात चहाचा गोल डाग. मिस्त्रींनी चष्मा लावला. इंग्रजी त्यांना येत नाही, पण नकाशातले आकडे ते आंधळेपणीही वाचतील. टोकाच्या खुणेपाशी बाण होता, आणि बाणापाशी, छापील, स्वच्छ, 65.

हा आकडा त्यांनी आजवर कुणाला सांगितला नव्हता. लालबीलाही नाही. जो आकडा फक्त आपल्या डोक्यात होता असं माणूस अकरा वर्षं समजत होता, तो भिंतीवर काचेत लावलेला होता.

खाली पेन्सिलीनं मराठीत काहीतरी लिहिलं होतं. सिमेंटच्या पोत्यांवरून मराठी वाचायला शिकलेले मिस्त्री एकेक अक्षर लावू लागले, पण डोळ्यांसमोर ठरेना, म्हणून इफ्रानं वाचलं. ‘इसूफ मिस्त्रींना ४० सांगणे. तपासणी झाल्यावर ते एक इंच चढवतात, खालच्या पोर्चला पाहिलं.’ त्याखाली स्लॅब ओतला त्या दिवशीची तारीख, वै. अशी सही, आणि ‘चढवला. ६५ बरोबर.’

मिस्त्री तिथल्या बाकावर बसले. मग त्यांना तो चहा आठवला. एरवी उभ्या उभ्या अर्धा कप पिणाऱ्या मॅडमचा चहा त्या दिवशी फार लांबला होता. जॅक फिरवून, हात पुसून, वर येऊन बिडी ओढून झाली तरी मॅडमचा पत्ता नव्हता. त्यांना तेव्हा वाटलं होतं, अल्ला मेहेरबान. अल्ला नव्हता, मॅडम होत्या; वळणाआड रिकामा कप हातात धरून, म्हाताऱ्याचं उरकायची वाट बघत.

त्यांना आधी राग आला. खरा राग. अकरा वर्षं सायकल वळशानं हाणली, गच्चीवर डोळे फोडले, आणि ती इंजिनिअर पोरगी सगळं जाणून होती. एक शब्द सांगितला असता तर? मग राग जिथून आला तिथंच विरला, कारण त्यांच्याही पोटात एक शब्द होताच की. दोघांनी एकमेकांना फसवलं, आणि मधल्या मधे जीभ मात्र लेव्हलात आली.

“त्यांनी सरळ पासष्टच का नाही सांगितलं?” इफ्रानं विचारलं.

मिस्त्री हसले. त्या दिवसातलं पहिलं. “पासष्ट सांगितलं असतं तर म्या नव्वद दिलं असतं.”

चौकटीच्या बाजूला एक पितळी पाटी होती. आर्किटेक्ट, इंजिनिअर, ठेकेदार, उद्घाटन कुणाच्या हस्ते. सेंट्रिंगवाल्याचं नाव पाटीवर नसतंच. त्याचं मिस्त्रींना कधी काही वाटलं नव्हतं, आजही वाटलं नाही. त्यांचं नाव जिथं असायला हवं होतं तिथं होतं. हिशेबात.

मग ते उठले आणि एकटेच पुन्हा बाहेर गेले. चपला काढून हातात घेतल्या. लोकांतून वाट काढत अगदी टोकाला, काचेला पोट टेकेपर्यंत गेले आणि दोन्ही पाय जुळवून उभे राहिले. शेवटच्या टेकूला उभं राहायचं राहून गेलं होतं. अकरा वर्षं उशीर झाला, पण बसप्पा नियमाच्या बाबतीत कडक होते; उशिराचं चालेल, चुकवलेलं नाही. ऊन तापलं होतं आणि तळवे भाजत होते. तरी ते उभे राहिले. खाली अठरा मजल्यांत काहीही नव्हतं. त्यांना पहिल्यांदाच समजलं की या जिभेचा उपयोग काय. काहीही नाही. फक्त माणसाला सगळ्या भिंतींच्या बाहेर आणून सोडायचं, आणि त्याला पडू द्यायचं नाही. एवढ्यासाठी कुणीतरी इतका खटाटोप केला होता, आणि त्या खटाटोपात आपलेही पंचवीस एमएम होते. त्यांचे डोळे भरून आले ते उन्हानं नव्हे.

इफ्रानं मागून विचारलं, आपलं घर दिसतंय का? मिस्त्रींनी मान वर केली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा उलटीकडून बघितलं. नई जिंदगी, पाण्याच्या टाक्या, आणि एका गच्चीवर वाळत घातलेलं काहीतरी हिरवं. लालबीचं असेल किंवा नसेल. मधे ती झोल खाल्लेली तार.

बाहेर पडताना दारात एक वही ठेवलेली असते. नाव, गाव, अभिप्राय, सूचना. ‘खूप छान’, ‘अप्रतिम’, ‘पिण्याच्या पाण्याची सोय करावी’, असं लोक लिहून जातात. इफ्रा लिहायला वाकली, तर मिस्त्रींनी तिच्या हातातून पेन घेतलं. एरवी सही करतानाही त्यांचा हात अडखळतो. आज वेळ लागला, मागं रांग झाली, पण त्यांनी कुणाला लिहू दिलं नाही. नावाच्या रकान्यात लिहिलं, इसूफ मिस्त्री, सेंट्रिंग. अभिप्रायात लिहिलं, लेव्हल बरोबर. आणि सूचनेच्या रकान्यात, ओळ उतरत उतरत, ‘मॅडम, पुढच्या बारीला खरा आकडा सांगा. मी पण खरा देईन.’

इफ्रानं ते खांद्यावरून वाचलं. कुठली पुढची बारी, ती म्हणाली, गुडघा तुम्हाला शिडी चढू देतो का?

मिस्त्रींनी पेनाचं टोपण लावून ते तिच्या हातात दिलं, आणि त्याच्याबरोबर खिशातला छर्राही. “माझी न्हाय,” ते म्हणाले. “तू बांधशील तवा. तुज्या मिस्त्रीला आधी इचार, हातचा किती घालतोस म्हून.”